बाहीचं पिंप

त्या शुक्रवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात एवढं होतं: दूध पावडरीचं पुठ्ठ्याचं पिंप एक, त्याच्या तोंडाला सुतळीनं आवळलेली काळ्या जाड कापडाची बाही एक, पिंपाखाली दवाखान्यातला तान्ही बाळं तोलायचा काटा एक, आणि समोर ओळीनं उभी असलेली एकशे त्रेचाळीस मुलं. शिक्षिका चार, सिस्टर तीन. पिंप रिकामं होतं आणि बाहीसकट दोन किलो चारशे ग्रॅम भरत होतं. हे शेवटचं अंजनानं स्वतः पाहिलं होतं, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा.

साल १९७३, मार्च महिना. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. नदीकाठाला उसाचं थोडंफार हिरवं अजून शिल्लक होतं, पण आटपाडीकडची माणसं पोरंबाळं घेऊन सांगलीला उतरली होती आणि विश्रामबागेच्या पलीकडं नव्या रस्त्याची खडी फोडत होती. त्या रस्त्याला लागूनच सिस्टरांची प्राथमिक शाळा. शाळेचा आठवडा ठरलेला असे. सोमवारी नखं बघायची, बुधवारी दूध वाटायचं, शुक्रवारी मूठ, शनिवारी जीप. मूठ म्हणजे दुष्काळी मुलांसाठी धान्य. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी प्रत्येक मुलानं घरून मूठभर ज्वारी आणायची. शनिवारी हिंदुराव ड्रायव्हर ते पिंप जीपमध्ये घालून आटपाडीला सिस्टरांच्या अन्नछत्रावर पोचवी आणि सोमवारी रिकामं परत आणी.

मूठ टाकायची एक रीत होती. मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना यांनीच ती घालून दिली होती. दाणे असोत नसोत, प्रत्येकानं मूठ मिटूनच यायचं. हात बाहीतून कोपरापर्यंत आत घालायचा, आत मूठ उघडायची आणि रिकामा हात बाहेर काढायचा. ज्याच्या घरी दाणा नव्हता त्याची मूठही बाहेरून भरल्यासारखीच दिसे. कुणी कुणाकडं बघायचं नाही, कुणी विचारायचं नाही.

अंजना पलूसची. जूनमध्येच बी.एस्सी. होऊन इथं लागली होती आणि चौथीला विज्ञान आणि गणित शिकवत होती. सात वर्षांच्या मुलाची मूठ किती ग्रॅमची असते, हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला आणि बाहेर निघेना. म्हणून तिनं सिस्टरांच्या दवाखान्यातला काटा मागितला.

"सगळं मिळून किती, ते मोजा," सिस्टर फिलोमिना म्हणाल्या होत्या. "कोणी किती, ते नाही. कळलं?"

"हो, सिस्टर."

ती खरंच तसंच करणार होती. पण तबकडीशेजारी उभं राहिल्यावर काटा दिसतोच. मूल हात घाली, काटा किंचित पुढं सरके. कधी सरकत नसे. तेव्हा अंजना छताकडं बघे.

दुसरीच्या ओळीत शेवटी हरणा होती. खडी फोडणाऱ्या राहीबाईची मुलगी, आटपाडीकडची, दिवाळीनंतर शाळेत आलेली. तिची फी माफ होती आणि दुपारच्या खाण्याला सुकडी, बुधवारचं दूध शाळेतून मिळे. सगळी मुलं मूठ मिटून येत होती. हरणा हात उघडा ठेवून आली. बोटं सैल, तळवा मोकळा. तिनं हात बाहीत घातला, जरा वेळ ठेवला, आणि बाहेर काढला तेव्हा मूठ मिटलेली होती. तशीच ती खांबाआड गेली आणि फ्रॉकच्या खिशात तिनं मूठ मोकळी केली.

अंजना त्या मुठीकडं बघतच राहिली. तबकडीकडं बघायचं राहून गेलं.

आणि दुपारी शिक्षकांच्या खोलीत ती बोलून गेली. वाईट हेतू काहीच नव्हता. काहीतरी पाहिल्याचा आनंद होता, एवढंच.

"म्हणजे पोरीनं पिंपातलं उचललं," आक्काताई म्हणाल्या. आक्काताई तिसरीला शिकवत. पट्टीची मोडलेली टोकं त्या पेनासारखी केसात खोचत. "मी म्हणतच होते. उपाशी पोरांच्या तोंडचं काढते म्हणजे काय गं!"

"ती पण उपाशीच आहे, आक्काताई."

"म्हणून काय पिंपात हात घालायचा? उद्या सगळी घालतील."

"सगळी घालतातच की," कोपऱ्यात कप विसळणारी बयाबाई म्हणाली. "रीतच हाय तशी."

"तू गप गं. शाळेची बाई झालीयस का?"

"न्हाई बा. म्या कप विसळणारी. पर कपाला बी कान असत्यात."

तासाभरात गोष्ट सिस्टर फिलोमिनांपर्यंत गेली. त्यांनी अंजनाला बोलावलं. टेबलावर आटपाडीच्या अन्नछत्रातल्या मुलांचा फोटो होता, त्यांनी तो पालथा केला.

"काटा किती उतरला?" त्यांनी विचारलं.

"मी... काट्याकडं बघितलं नाही, सिस्टर."

"तुम्ही विज्ञान शिकलेल्या ना?"

त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. पुढच्या शुक्रवारी फक्त काट्याकडं बघा, असं त्यांनी सांगितलं. तोवर पोरीला कुणी काही म्हणायचं नाही.

पण म्हणायचं ते मुलं आपसात म्हणत होतीच. बुधवारी दुधाच्या रांगेत दुसरीचा एक मुलगा रडायला लागला. अंजनानं कारण विचारलं तर तो नाक ओढत म्हणाला, "मी शुकिरवारी येनार न्हाई."

"का रे?"

"पिंपात हात हाय."

"कुणाचा?"

"म्हाईत न्हाई. माझ्या बोटाला लागला. लय गार हाय, बाई."

मागची दोघंतिघं हसली, पण फार नाही, आणि हसताना त्यांनी आपापले हात काखेत घातले.

दुसऱ्या शुक्रवारी अंजनानं पिंप आधी उन्हात उलटं करून आपटलं, आत तोंड घालून पाहिलं. पुठ्ठा, कडेला पावडरीचा पांढरा वास, बाकी काही नाही. तिनं रिकाम्या पिंपात स्वतःचा हात खांद्यापर्यंत घालून तळ चाचपला. तळ उबदार होता, उन्हानं तापलेला. मग बाही बांधली आणि पिंप काट्यावर ठेवलं.

मुलांनी हात पटकन घातले, पटकन काढले. विस्तवावरनं काढावेत तसे. हरणाची पाळी आली तेव्हा काटा पाच किलो नऊशे ऐंशीवर होता. अंजनानं डोळ्याची पापणी लवू दिली नाही. हरणाचा हात आत गेला. काटा पाच किलो नऊशे ऐंशी. हात बाहेर आला, मूठ मिटलेली, बोटांच्या फटीतून एक दाणा फरशीवर पडला. काटा पाच किलो नऊशे ऐंशी.

दाणा अंजनानं उचलला. तो रब्बीतल्या पांढऱ्या ज्वारीचा होता, टपोरा, मोत्यासारखा. शाळूचा. त्या वर्षी सांगलीत रेशनला अमेरिकेचा तांबडा मिलो, ज्वारीचाच हलका प्रकार, मिळत होता आणि मुलंही तोच आणत होती. पिंप संपूर्ण ओतून तिनं बयाबाईसह चाळलं. लाल मिलो, कुठं कुठं पिवळट हायब्रीड. शाळूचा दाणा एकही नव्हता.

"कुठून आणलास गं?" अंजनानं हरणाला खांबाआड गाठून विचारलं.

"आत देतोय."

"कोण देतंय?"

हरणानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू बाईंना एवढंही कळत नाही. "नाथा. माझा भाऊ."

शनिवारी सकाळी हिंदुराव पिंप न्यायला आला. फौजेत गाडी चालवून निवृत्त झालेला, मिशा अजून फौजेतल्याच. अंजनानं त्याला सहज विचारावं तसं विचारलं, आटपाडीला नाथा नावाचं कुणी पोरगं आहे का.

"हाय की! चार वर्साचं, रोड. अन्नछत्रावर तोललं तवा अकरा किलो भरलं. आजीपाशी ऱ्हातंय. त्याचं काय सांगू तुमास्नी, बाई." तो बॉनेटला टेकला. "तिकडं धान्य काढून घेत्यात आन् पिंप अंगणात ठेवत्यात. आमी चा पितूय तवर त्ये पोरगं येतंय, बाहीतनं हात घालतंय आन् म्हनतंय, हरणाला. म्या इचारलं, काय रं गड्या, काय घालतोस? तर मूठ दावली. शाळू व्हती मुठीत. आजीनं बियाला ठेवलेली असंल, त्यातली."

"मग ती पिंपात राहत असेल. तळाला."

"तसंच म्हणलं म्या. पोराची गंमत. पर पिंप उलटं केलं तर काय पडंना. आत डोस्कं घालून बघितलं, दाणा न्हाई. पोराचा हात बी रिकामा." त्यानं मिशीवरनं बोट फिरवलं. "फौजेत लय जादूगार बघितलं, बाई. पर त्यांच्या जादूला टाळ्या वाजवाव्या वाटायच्या."

"आज भेटला तर विचारा त्याला."

"काय इचारू?"

"बरा आहे का, एवढंच."

दुपारी ती खडीवर गेली. राहीबाई डोक्याला फडकं गुंडाळून हातोडी चालवत होती. बाईंना बघून उठली, हात पुसले, दगडावर पदर पसरून बसायला जागा केली.

"पोरीनं काय केलं का, बाई?"

"नाही. शाळू घरी आणते ना ती?"

"शाळेतनं वाटत्यात त्ये व्हय? लय बरं केलंत बगा. मिलोची भाकरी थापाय बी येत न्हाई, नुसती फुटतीया. आन् पोरीचं पोट तर तुमच्या शाळंवरच चाललंय." तिनं कमरेच्या पिशवीतून मूठभर दाणे काढून दाखवले, हळदीकुंकू दाखवावं तसे. "आवं, मला तर वाटलं आमच्याच रानातली हाय. हिकडं बगा, दाण्याच्या बुडाला कशी करड्या मातीची रेघ. आमच्या रानाची मातीच तशी. पर रानात दोन वर्सं काय पिकलं न्हाई. कुटनं येनार?"

अंजना दाण्याची रेघ बघत राहिली. नाथाची चौकशी तिनं केली तेव्हा राहीबाई हसली. "त्यो आजीला सोडत न्हाई. हरणाचा लय जीव त्याच्यावर. आमी निघालू तवा तिचं बोट सोडंना. दोन बोटं धरून चालायची सवय त्याला."

सोमवारी हिंदुराव पिंप घेऊन आला. त्यानं ते नेहमीसारखं व्हरांड्यात टेकवलं नाही, पायरीवर ठेवलं आणि लांब सरकला.

"न्हाई आलं त्ये पोरगं. म्या घराकडं बी गेलो. दाराला कडी हाय. शेजारची म्हनली, म्हातारी आन् नातू चार दिस झालं दिसलं न्हाईत. कुटं गेलं म्हाईत न्हाई. अन्नछत्राच्या सिस्टर शोधाय मानसं धाडनार हायत."

राहीबाईला सांगायला हवं होतं. अंजना दोनदा रस्त्यापर्यंत गेली आणि हातोड्यांचा आवाज ऐकून परत आली. निश्चित काही कळल्याशिवाय काय सांगायचं, असं तिनं स्वतःला समजावलं.

इकडं आक्काताईंनी आपलं काम केलं होतं. दोन पालकांनी येऊन विचारलं होतं, आमची मूठ आटपाडीला जाते की खडीवर? गुरुवारी सिस्टर फिलोमिनांनी सगळ्यांना बोलावलं.

"उद्या मी स्वतः काट्याजवळ बसेन," त्या म्हणाल्या. "मुलगी सगळ्यांत शेवटी येईल. काटा खाली आला, तर तिचं नाव कमी होईल. मला ते आवडणार नाही, पण होईल. नाही आला, तर या विषयावर पुन्हा या शाळेत कोणी बोलणार नाही. आक्काताई, कबूल?"

"कबूल. पण बाही काढून टाका, सिस्टर. उघड्यावर होऊ द्या."

"बाही राहील."

"सिस्टर," अंजना म्हणाली, "मागच्या वेळी काटा हलला नव्हता. मी बघितलं."

"त्याच्या मागच्या वेळी तुम्ही बघितलं नव्हतं," सिस्टर म्हणाल्या.

हे खरंच होतं. नाव कमी झालं तर सुकडी गेली, दूध गेलं, आणि पोरीच्या हातात हातोडी येणार. आणि सुरुवात तिच्या एका अर्धवट वाक्यानं झाली होती.

तिसऱ्या शुक्रवारी सूर्य वर आला तरी व्हरांड्यात गारवा होता. सिस्टर फिलोमिना स्टुलावर बसल्या, नाकावर चष्मा, तबकडीपासून वीतभर अंतरावर. एकशे पस्तीस मुलं होती, आठ आली नव्हती. रांग भराभर सरकली. हात काढला की मुलं तो फ्रॉकला, चड्डीला पुसत होती. शेवटचा मुलगा गेला तेव्हा पिंप आणि धान्य मिळून सहा किलो सातशे ग्रॅम झालं. सिस्टरनी आकडा मोठ्यानं वाचला, आक्काताईंनी वाकून खात्री केली.

"हरणा," सिस्टर म्हणाल्या. "ये बाळ. हात दाखव."

हरणानं दोन्ही तळवे पुढं केले. रिकामे. सिस्टरनी तिच्या फ्रॉकची बाही दंडापर्यंत सारली. पण पिंपाजवळ आल्यावर पोरगी थांबली.

"आज नगं, बाई," ती अंजनाकडं बघून म्हणाली.

"बघा," आक्काताई पुटपुटल्या. "आज नको म्हणे."

"का गं, हरणा?" अंजना खाली बसली.

"मागल्या येळंला त्यानं बोट धरलं हुतं. सोडंना. म्या वडून काडलं." तिनं हात पाठीमागं नेला. "आज न्हाई सोडनार त्यो."

बयाबाईनं तिच्याजवळच्या दोन मुलांना पदराखाली घेतलं.

"मी पण हात घालते," अंजना म्हणाली. "तुझ्या हाताशेजारी. चालेल?"

सिस्टरनी मान हलवली. अंजनानं आधी सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: पिंपाला दोघींपैकी कुणाचाही हात टेकणार नाही, बाहीच्या सुतळीलाही नाही, आणि टेकला तर आक्काताईंनी लगेच सांगायचं. आक्काताई पुढं येऊन कडेला डोळा लावून उभ्या राहिल्या.

दोन हात बाहीतून आत गेले, लहान आणि मोठा. आत अंधार आणि पुठ्ठ्याचा वास. अंजनाच्या बोटांना दाण्यांचा ढीग लागला, खरबरीत, कोमट. तिनं हात तसाच अधांतरी धरला. हरणाचा हात तिच्या हाताला चिकटून होता, घामेजलेला.

मग दाणे हलले. खालून, उंदीर निघावा तसे. तिच्या मधल्या दोन बोटांभोवती काहीतरी आलं आणि मिटलं. कोरडं होतं ते, ज्वारीच्या वाळलेल्या ताटाच्या पानासारखं, आणि इतकं लहान की त्याची बोटं तिच्या बोटांभोवती पुरी फिरत नव्हती. गर्दीत रस्ता ओलांडताना मूल धरतं तसं त्यानं धरलं. नखं होती. अंगठाही होता. आणि हरणाचा हात अजून तिथंच होता, शेजारी, वेगळा.

"धरलं," हरणा हळूच म्हणाली. "बाई, तुमाला बी धरलं?"

आता ओढ लागली होती. खाली नाही, तिच्याकडं, वर. कडेवर घ्या म्हणून मूल हात धरून वर झेपावतं, तसं ते तिच्या बोटांना लोंबकळत होतं. तिच्या खांद्याला भार येत होता, खरा भार. शिकलेलं सगळं तिला त्याच क्षणी नको तितकं स्पष्ट आठवलं: पिंपातली वस्तू वर उचलली की काटा खाली येतो. तिनं जर जोर लावला, तर काटा उतरेल. उतरला, तर हरणाचं नाव जाईल. सोडावं तर हात सुटत नव्हता.

तिनं कोपर ताठ केलं नाही, वाकवलंही नाही. जसा होता तसा धरला.

"काटा हलला!" आक्काताई किंचाळल्या. "सिस्टर, हलला!"

"मी बघते आहे," सिस्टर म्हणाल्या. "हात टेकलाय का त्यांचा?"

"नाही."

"सुतळीला?"

"नाही. कुठंच नाही." आक्काताईंचा आवाज बारीक झाला होता.

सिस्टर फिलोमिनांनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि तबकडीवर वाकल्या. काटा थरथरत होता. त्यांनी तो स्थिर व्हायची वाट पाहिली. मग आकडा वाचला, नेहमीच्या आवाजात, पाठीमागच्या रांगेला ऐकू जाईल असा.

अठरा किलो शंभर ग्रॅम.